आईचा माईक

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग का होत नव्हतं, ते अखेर सापडलं. आई, तुझ्या हातून काहीही बिघडलेलं नाही. हेडसेटही धडधाकट आहे. चूक माझी होती.

बाबा, रविवारी तुम्ही टर्मिनलमधली (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतली) 'एलएसयूएसबी'ची यादी, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी, फोनवर ओळ न ओळ वाचून दाखवलीत. त्यात हेडसेटचं नाव होतं. म्हणजे वायर ठीक, पोर्ट ठीक. शिवाय तुमच्या लॉगिनमध्ये माईक चालायचा, आईच्याच लॉगिनमध्ये मुका व्हायचा. दुखणं वस्तूचं नाही, परवानगीचं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. उगाच तुम्हाला दुकानात पाठवलं.

आपला कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या उबुंटू सिस्टिममध्ये ज्याचं लॉगिन पडद्यावर चालू असतं, त्याला माईक-स्पीकर वापरायची परवानगी आपोआप मिळते. माणूस बदलला की ती पुढच्याकडे जाते. दिवाळीत आवाज येत नव्हता म्हणून मी घाईघाईत बाबांना 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घातलं. त्या ग्रुपमधल्या माणसाची परवानगी मात्र सुटत नाही. बाबा, तुम्ही ऑडेसिटी, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, तसंच उघडं ठेवून, आवाजाची पट्टी हलत असतानाच 'स्विच यूजर' करून उठायचात, आणि माईक तुमच्याकडेच अडकून राहायचा. इकडे आई दोन-दोन ओव्या गाऊन मोकळी व्हायची, तिची पट्टी जागची हलायची नाही. त्या ओव्या वाया गेल्या, याचं मला फार वाईट वाटतंय.

शनिवारी रात्री फोन करते. बाबांना त्या ग्रुपमधून काढायला एकच ओळ टाइप करायची आहे, मी अक्षर-अक्षर सांगेन. नंतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचाच, नाहीतर चालू लॉगिनला जुनाच ग्रुप चिकटून राहतो. तोवर बाबा, उठताना 'लॉग आउट' करत जा.

आई, मग तुझ्या लॉगिनमध्ये सेटिंग्ज उघड, साउंडमध्ये जा आणि इनपुटला हेडसेट निवड. पट्टी हलली की गायला लाग. माईक ओठांच्या अगदी समोर नको, जरा गालाकडे घे, म्हणजे श्वासाचा फुत्कार येणार नाही. दळताना तू माहेरच्या वाटेची ओवी म्हणायचीस ना, ती आधी घे. छकुली रोज झोपताना विचारते, आजीचं गाणं आलं का.

तुमची,
ताई