दंगा मुलांचा, दंगल शहराची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात दगडफेक-जाळपोळीच्या बातमीवर आपण ‘दंगा’ असा मथळा दिलात. हिंदी बातमीवरून घाईत मराठी केलं असावं. पण वाचून फार लागलं.

आमच्या घरात दंगा हा मुलांचा शब्द. सुटीत भाचरं जमली, गाद्यांवर उड्या सुरू झाल्या, की आजी माजघरातून ओरडायची, “काय रे दंगा मांडलाय!” त्यात अर्धं कौतुकच असायचं. याच शब्दावरून एकदा मात्र घोटाळा झाला. जिन्यात खेळणाऱ्या नातवंडांवर मी ओरडले, “दंगा पुरे आता!” वरच्या मजल्यावरच्या हिंदीभाषक वहिनी फोन हातात धरून धावत खाली आल्या. “कहाँ हुआ दंगा?” त्यांचा मुलगा क्लासला गेलेला. मी समजावलं, पाणी दिलं, तरी पेल्यातलं पाणी हिंदकळतच होतं.

‘हल्ला’चं नेमकं उलट. हिंदीत तो नुसता आरडाओरडाही असतो, मराठीत चाल करून जाणं. आमची इंदुरी मुलं सर्रास “हल्ला करू नको” म्हणतात आणि पुण्याची पाहुणी चमकून बघतात. ‘दंगल’ हिंदीत कुस्त्यांची. कुस्त्यांची दंगल आपणही म्हणतो, पण नुसतं ‘दंगल’ छापलं की मराठी माणसाला संचारबंदीच आठवते.

आवाजाच्या शब्दांना मराठीत तोटा नाही. शाळा सुटली की गलका, चौकात हॉर्नचा गोंगाट, सभागृहात गदारोळ, मुद्दाम त्रास द्यायला केली ती हुल्लड. गोंधळ तर मुळात देवीचा, संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवणारा. तो आपण रेशनच्या रांगेला देऊन बसलो, याचं मला वाईट वाटतं. आणि रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग खेळत निघणारी मिरवणूक, येते, टँकरमधून रंग उडतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्याला आपण ‘धुडगूस’ म्हणू नये. तो जल्लोष आहे.

तेव्हा दंगलीच्या बातमीला दंगलच म्हणावं, ही कळकळीची विनंती. बालवाडीच्या गॅदरिंगची बातमी येईल तेव्हा ‘दंगा’ खुशाल मोठ्या टायपात छापा.

आपली नित्य वाचक,
रामबाग, इंदूर