पणजोबांचं वजन 84 पौंड होतं

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

नातीच्या जातपडताळणीसाठी मागच्या वर्षी काटोल तहसिलातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढली. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ती वाचून दिली. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर पाहिलं. घरी येऊन सांगितलं, तर नव्वदी ओलांडलेली आत्या आवाज खाली करून म्हणाली, "माहा आजा त् जेलात होता. जवारी चोरली होती त्यानं. कोनाले सांगू नको."

2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा पोलिसांची आणि कारागृहांची जुनी रजिस्टरंही तपासायला घेतली होती. ती बातमी आठवली आणि मी चौकशीला लागलो. एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आठव्या फेरीला रजिस्टर हाती आलं. इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाने आडनाव असं काही लिहिलं होतं की नावावरून ते कधीच सापडलं नसतं. बापाचं नाव, गाव आणि ठाणं तिन्ही जुळले म्हणून सापडलं. कोणी शोधायला निघालात तर गावापासूनच सुरुवात करा.

मार्च 1900. चोरीचं कलम 379, तीन महिने सक्तमजुरी. वय सुमारे 30, उंची 5 फूट 3 इंच, डाव्या भुवईवर जुना व्रण. आत येतानाचं वजन 84 पौंड, सुटतानाचं 97.

84 पौंड म्हणजे 38 किलो. मध्यप्रांतात, म्हणजे इंग्रजांच्या काळी नागपूर ज्यात होतं त्या प्रांतात, 1896-97 चा दुष्काळ सरून पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, तोच 1899-1900 चा आला होता. जेलात खडी फोडून ज्याचं वजन तेरा पौंडांनी वाढतं, त्याच्या घरच्या चुलीची कल्पना मला करवत नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. आमच्याकडे पणजोबांचा फोटो नाही, सही नाही, सातबारा नाही. मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची नावं जमीनमहसूल ठरवणाऱ्या बंदोबस्ताच्या कागदांत पानोपानी आहेत. भूमिहीन माणसाची भुवई कशी होती, हे मात्र त्याला पकडल्यावरच कोणीतरी लिहून ठेवलं.

मी झेरॉक्स मागितली. उत्तर मिळालं, "गुन्हेगाराची माहिती आहे, देता येत नाही." सव्वाशे वर्षं झाली या गुन्ह्याला! शेवटी वहीत हाताने उतरवून घेतलं. महिन्याभराने पुन्हा गेलो, तर त्याच रजिस्टरच्या मागच्या पानांची वाळवीने चाळण केली होती. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचं 1674 ते 1913 पर्यंतचं कामकाज कोणालाही घरबसल्या, फुकट शोधता येतं. आपल्याकडे 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, भोपाळ मध्यप्रदेशची राजधानी झाली, आणि जुन्या मध्यप्रांताच्या कागदांची वाटणी झाली. उरलेल्याचं रक्षण तरी आपण करायला नको का?

एक गोष्ट मात्र जपून करावी लागेल. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे देशभर लागू झाला आणि 1952 पर्यंत राहिला. काहीही न करता, केवळ जन्मामुळे, हजारो माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागली. माझे एक पारधी सहकारी शिक्षक म्हणाले, "सर, तुमच्यासाठी तो शोध आहे, आमच्यासाठी ती हजेरीच." असे कागद उघडण्याआधी त्या समाजांना विचारलं पाहिजे, त्यांच्या माणसांना समितीत घेतलं पाहिजे. पण जपून उघडणं वेगळं आणि वाळवीला सोडून देणं वेगळं.

माझी मागणी एवढीच आहे. शंभर वर्षांहून जुनी जेलची आणि ठाण्यांची रजिस्टरं पुराभिलेख विभागाच्या ताब्यात द्यावीत, त्यांचं स्कॅनिंग व्हावं, आणि वंशजाला रीतसर फी घेऊन नक्कल मिळावी. मनुष्यबळ नाही असं सांगितलं जाईल. मी निवृत्त आहे, त्या काळचं वळणदार इंग्रजी अक्षर आता मला लागतं, आणि आठवड्यातून तीन दिवस विनामोबदला बसायची माझी तयारी आहे. आणखी चारजण मी आणतो. फक्त हे पावसाळ्याआधी सुरू व्हावं, कारण त्या खोलीचं छत गळतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मानेवाडा, नागपूर