मेणाची वडी खिशात घालून मुंबईला: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात अमळनेरहून रात्रीच्या गाडीने मी मुंबईला गेलो, तेव्हा माझ्या आतल्या खिशात काडेपेटीहून लहान अशी प्लास्टिकची एक डबी होती. तिच्यात मेणाची वडी, आणि वडीत माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, जिभेच्या मुळाचा तुकडा. प्रयोगशाळेत त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. तो पुढच्या तपासणीसाठी मुंबईच्या प्रयोगशाळेत द्यायचा होता. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मेण वितळेल या धास्तीने मी तो ओल्या रुमालात गुंडाळून ठेवला होता. असलं मेण ५५-६० अंशांशिवाय वितळत नाही, हे तिथल्या प्रयोगशाळेतल्या मुलीने हसत सांगितलं.

नाना माळकरी. मानेत गाठ आली तेव्हा दुखत नव्हती, ताप नव्हता. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, तर नाना म्हणाले, “मी तं सुपारीबी खात नही, भाऊ.” तिथेच कॅन्सरचा विषय संपला. गाठ टीबीची धरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू झाली. सहा महिने गोळ्या झाल्या, गाठ लिंबाएवढी झाली, मग कुठे बायोप्सी. मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही. खान्देशात मानेची गाठ म्हटलं की टीबी, आणि तोंडा-घशाचा कॅन्सर म्हटलं की गुटखा, एवढंच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. गुटखाबंदी २०१२ ची आहे. टपरीवर काय मिळतं, ते वेगळं पत्र होईल.

पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा एक कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, बहुतेक वेळा त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकारामुळे. आपल्याकडे तंबाखूच्या मानाने तो कमी, पण तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो. मूळ जागा एवढीशी असते, घशात काही जाणवत नाही, आणि पहिली दिसते ती मानेतली गाठ. नाकामागच्या घशाचा कॅन्सर ईबीव्ही या दुसऱ्या विषाणूशी जोडलेला. ईशान्येत, नागालँडकडे तो जास्त, इकडे क्वचित. म्हणूनच इकडे कोणाला लवकर आठवत नाही.

गाठीत कॅन्सर निघाला आणि मूळ सापडेना, तेव्हा त्याच तुकड्यावर दोन तपासण्या वाट दाखवतात. एक पी१६, म्हणजे एचपीव्हीची खूण असलेल्या प्रथिनाची. तिचा रंग चढला तर टॉन्सिल आणि जिभेचं मूळ धुंडाळायचं. दुसरी ‘ईबर’, म्हणजे ईबीव्ही शोधणारी. ती पॉझिटिव्ह आली तर नाकामागे बघायचं. रेडिएशन कुठे द्यायचं, ऑपरेशन आधी करायचं की नाही, हे त्यावर ठरतं. घशाच्या या भागातल्या पी१६ पॉझिटिव्ह कॅन्सरचे टप्पेही वेगळे मोजतात, कारण हे रुग्ण उपचारांना चांगली साथ देतात. आपला कॅन्सर यातलाच आहे हे नानांना कळलं, त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिन्हीकडे सगळी यंत्रं मागत नाही. एका ठिकाणी या दोन तपासण्या खात्रीने होऊ द्या, महात्मा फुले योजनेत बसवा, आणि बाकीच्यांचे ब्लॉक सरकारी टपालाने तिथे जाऊ द्या. मला रजा मिळाली, मुंबईत मावसभाऊ होता. धडगावच्या पाड्यावरचा माणूस कोणाच्या खिशात ब्लॉक देणार? आणि गालाच्या, हिरडीच्या प्रत्येक कॅन्सरला पी१६ करू नका. तिथे त्याचा उपयोग नाही, पैसा वाया जाईल. तालुक्याच्या डॉक्टरांना मात्र एक लेखी सूचना जाऊ द्या: मोठ्या माणसाच्या मानेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर सुईची तपासणी आणि घशाची दुर्बीण आधी, एकेटी पुरावा मिळाल्यावर.

शिवाय रिपोर्ट समजावून सांगायला कोणीतरी बसवा. ‘विषाणू’ ऐकल्यावर काकूंनी नानांचं ताट-तांब्या वेगळा काढला होता. एका ताटात जेवून हा कॅन्सर लागत नाही, हे कोणी सांगेपर्यंत आठ दिवस गेले. ‘हा विषाणू शरीरसंबंधातून येतो ना?’ असं शेजारच्या एकाने मोबाईलवर वाचून मोठ्याने विचारलं, ते तर नानांना रेडिएशनपेक्षा जास्त लागलं. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघूनही जातो, एवढं एक वाक्य त्या रिपोर्टसोबत मिळालं असतं तर?

नानांची रेडिएशनची ३५ सत्रं झाली. तोंड कोरडं पडतं, भाकरी दुधात कुस्करून खातात. ब्लॉक परत मिळाला आहे. पुढे लागेल म्हणून काकूंनी तो देवघराच्या फडताळात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

आपला,
अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी