तुझ्या कूलरच्या जळलेल्या पंपाचे आभार

प्रिय मैत्रिणी,

तुला तोंडावर ‘थँक्यू’ म्हटलं की तू ‘चल, काहीतरीच!’ म्हणून फोन ठेवतेस. म्हणून हे लिहून काढते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण गेल्या चार वर्षांत कितीतरी जणींनी मला विचारलं, ‘घरी एवढं सगळं असताना तुम्ही अशा हसतमुख कशा हो राहता?’ दरवेळी मी ‘देवाची कृपा’ म्हणून वेळ मारून नेली. देवाची कृपा आहेच. पण खरं उत्तर तू आहेस, आणि नेमकं सांगायचं तर त्या मे महिन्यात जळलेला तुझ्या कूलरचा पंप आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये ह्यांचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा ते दोन. धडधाकट किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. मशीनच्या वाट्याला १२ तास येतात. उरलेल्या १५६ तासांचा हिशेब घरच्यांनी ठेवायचा, पाण्याचा, मिठाचा, पोटॅशियमचा. पोटॅशियम निघून जावं म्हणून पालेभाजी चिरून कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी टाकायचं, मग उकळायची, तेही पाणी टाकायचं. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण पोटॅशियम हा शब्द स्वयंपाकघरात असा राहायला येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी किडनी द्यायला तयार होते, माझी साखर आडवी आली. मुलगा तयार होता, ह्यांनी ऐकलं नाही. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलं आणि आम्ही वाट बघायला लागलो.

तेव्हा तू जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी माझ्याबरोबर हिंडलीस, रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढल्यास, रांगेत उभी राहिलीस. त्याचे आभार मी त्या त्या वेळी मानलेत. आज ज्याचे मानायचे आहेत ते वेगळं आहे, आणि बहुतेक तुझ्या लक्षातही नसेल.

घरात मोठं आजारपण आलं की लोक आवाज उतरवतात. आमच्या नणंदबाईंनी घर घेतलं, ते आम्हाला वास्तुशांत झाल्यावर कळलं. भाचीचं लग्न ठरलं, तेही तिसऱ्याच्याच तोंडून. ‘तुझ्या डोक्याला आधीच ताप, त्यात आपलं काय सांगायचं,’ म्हणून सगळ्यांनी आपापली सुखं आणि आपापली दुखणी माझ्यापासून बाजूला सरकवून ठेवली. मायेपोटीच केलं, मला कोणाचाच राग नाही. पण त्यानंतर सगळे फोन एकसारखे झाले. ‘आज कसे आहेत?’ ‘बरे आहेत.’ ‘तू पण काळजी घे गं.’ झालं. जगात दुसरं काही घडतच नाही असं वाटायला लागलं होतं.

अशात नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस. नागपूरच्या धंतोलीतल्या त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी बसले होते. ह्यांना आत घेऊन दीड तास झाला होता, मी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. तुझा फोन आला. मी ‘बरे आहेत’ म्हणायला तोंड उघडलं, तर तू सुरूच झालीस. ‘ऐक नं, माझ्या कूलरचा पंप जळला. आणि तो मेकॅनिक दोन दिवसांपासून नुसता येऊन राहिलो, येऊन राहिलो म्हणून राहिला. गवताच्या ताट्या कोरड्या ठक्क पडल्यात. आमचे हे रात्रभर ओला टॉवेल अंगावर घेऊन गच्चीवर. मी काय करू सांग!’

मला राग आला. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत आला. माझा नवरा आत मशीनला लावलेला, आणि हिला पंपाचं पडलंय. आज हे तुला पहिल्यांदाच सांगते आहे. पण तू उत्तराची वाट बघत होतीस, म्हणून मी आमच्या प्रतापनगरच्या मेकॅनिकचा नंबर दिला. मग म्हटलं, पंप बदलतेच आहेस तर ताट्याही बदलून घे. तू विचारलंस, वाळ्याच्या घेऊ की साध्या? मी म्हटलं, वाळ्याच्याच घे, वास तरी येईल. मग तुला आपल्या कॉलेजातल्या त्या बाईंच्या खोलीतल्या वाळ्याच्या पडद्याची आठवण झाली, त्यावरून त्यांची नक्कल झाली. फोन ठेवला तेव्हा पस्तीस मिनिटं गेली होती. महिन्याभरात पहिल्यांदाच मी एवढा वेळ घड्याळाकडे बघितलं नव्हतं.

बुधवारी मीच तुला फोन केला. ‘आला का मेकॅनिक?’

तेव्हापासून साडेअकराचा फोन चालू आहे. काय काय ऐकलं मी त्या बाकावर! सून सांभारवडीत, म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या वडीत, खसखस घालते की नाही यावरून तुमचं बिनसलं ते. बँकेतल्या शेवटच्या दिवशी तू ड्रॉवर रिकामा केलास, त्यात १९९४ सालची तुझी स्वतःचीच रजेची चिठ्ठी निघाली ते. गुडघ्याचं. खारीनं गॅलरीतल्या कुंडीमागे घर केलं म्हणून तू दोन आठवडे त्या कोपऱ्याला झाडू लावला नाहीस ते. मोगऱ्याला आज किती फुलं आली हे तर रोजचंच, सात म्हणजे सात. मग मीही सांगायला लागले. पहिल्यांदा ह्यांच्या वजनाचं, रिपोर्टचं, आणि हळूहळू दुसरंही, की आमच्या गल्लीत चिंचेचं झाड तोडलं, की मी पुन्हा विणायला घेतलं. माझ्याकडेही सांगण्यासारखं काही आहे, हे मला तू विचारल्यामुळे कळलं.

२०२३ ची मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती पीडा घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक, शुक्रवारी आली होती. तू माहेरी इतवारीत होतीस. साडेअकराला फोन आला तर नुसता ढोलताशांचा दणका. त्यात तू गर्दीत फोन उंच धरून ओरडलीस, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ आणि त्याला जोडून आपलं, ‘भाऊजींची किडनीची पीडा घेऊन जा गे मारबत!’ फोन स्पीकरवर होता. बाकावरच्या चारही बायका हसल्या, आणि मग त्यांनी आपापल्या माणसाचं नाव घेऊन तेच म्हटलं. एक आजी तर हात जोडून म्हणाल्या.

आता पाण्याची गोष्ट. ह्यांना दिवसाला एक लिटर सांगितलेलं. त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. नागपूरच्या उन्हाळ्यात एक लिटर! एक लिटर जास्त प्यायलं की दुसऱ्या दिवशी काट्यावर एक किलो जास्त, पाय सुजलेले, दम लागलेला. मी सकाळी बाटली मोजून भरायची आणि दिवसभर पहारेकऱ्यासारखी तिच्याकडे बघत राहायची. हे चोरून प्यायचे, मी रागवायची, मुलगा फोनवरून रागवायचा, डॉक्टर रागवायचे. चूळ भरा, बर्फाचा खडा चघळा, लिंबाची फोड चोखा, असं सगळ्यांनी शिकवून झालं होतं.

त्या पहिल्या उन्हाळ्यातच एका दुपारी तू रिक्षानं आलीस. चार वाजलेले, ऊन मी म्हणत होतं. चपला काढल्या नाहीत तोच ह्यांच्या समोर बसलीस आणि म्हणालीस, ‘भाऊजी, मी आज सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवली होती. म्हटलं, पाहू तर खरं. दोन वाजता संपली. माझ्यानं नाही झालं बापा. तुम्ही हे रोज कसं करून राहिले?’

ह्यांचा चेहरा मी बघत होते. दोन महिन्यांत ह्यांना पाण्यावरून बोलणी खाण्याशिवाय काही मिळालं नव्हतं. हे जे करतात ते अवघड आहे, असं कोणी म्हटलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. हे काही बोलले नाहीत, नुसता डावा हात पुढे केला आणि म्हणाले, ‘इथे बोट ठेवून बघा.’ मनगटाच्या वर तो फिस्टुला, डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेला. दिवसरात्र तो थरथरत असतो, हाताखाली मांजर घुरघुरत असावं तसा. मी रोज रात्री बोट ठेवून बघते, थरथर आहे ना. बाहेरच्या माणसाला हात लावायला हे देत नसत. तू बोट ठेवलंस, डोळे मोठे केलेस आणि म्हणालीस, ‘अगोबाई, हे तर चालू मिक्सर आहे!’ त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रीचा प्रश्न ‘मिक्सर चालू आहे ना?’ असाच असतो.

आणि संत्री. ह्यांच्या भावाची काटोलला बाग. दर वर्षी आंबिया बहाराची पेटी यायची, निम्मी तुझ्याकडे जायची. आजारपणानंतर संत्रं घरात आणायची सगळ्यांनाच भीती. पोटॅशियम. दीरांनी पेटी पाठवणं थांबवलं. बागाईतदाराच्या घरात जन्मलेल्या माणसासमोर संत्र्याचं नाव काढायचं नाही, असं ठरल्यासारखं झालं. त्या डिसेंबरात तू पिशवीतून तीन संत्री घेऊन आलीस आणि मला न विचारता ह्यांनाच विचारलंस, ‘भाऊजी, तुमच्यासमोर खाल्लं तर चालेल?’ हे म्हणाले, ‘खा. पण सोलायला मला दे.’

ह्यांनी ते संत्रं कसं सोललं ते मला अजून दिसतं. देठाकडून अंगठा घालून, साल एकाच पट्टीत. मग सालीचा तुकडा दुमडून दाबला, तेलाचा बारीक फवारा उडाला आणि सगळ्या खोलीत तो वास. बोटं नाकाशी धरून हे कितीतरी वेळ बसून होते. ‘हे काटोलचं नाही,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून पेटी मागवली. सेंटरच्या आहारतज्ज्ञ बाईंना आम्ही विचारलं, तेव्हा त्यांनी मशीनवरच्या पहिल्या तासात दोन फोडींची परवानगी दिली. आता हंगामात दर सोमवारी डब्यात दोन फोडी असतात, बिया काढलेल्या.

तरी ज्यासाठी मला खरं म्हणजे हे पत्र लिहावंसं वाटलं, ते पुढचंच. गेल्या वर्षी जानेवारीत तुझा फोन साडेअकराला आला नाही, रात्री साडेनऊला आला. ‘छातीत गाठ लागली आहे. घरी अजून कोणाला सांगितलं नाही. मंगळवारची वेळ घेतली आहे, मंगळवारी तू मोकळी असतेस म्हणून. येशील?’

तू मला बोलावलंस. तीन वर्षं सगळे मला मदत करत होते. डबे आणून देत होते, पैसे हवेत का विचारत होते, देव त्यांचं भलं करो. पण त्या तीन वर्षांत माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. जिच्या घरी डायलिसिस चालू आहे तिला कसं सांगायचं, असा विचार तूही करू शकली असतीस. तू वार बघून वेळ घेतलीस.

मंगळवारी तुझी पर्स मांडीवर घेऊन मी बाहेर बसले. तो बाक माझ्या ओळखीचाच, फक्त दवाखाना दुसरा. तू बाहेर आलीस, आपण दोघी चहा प्यायलो, एक शब्द बोललो नाही. चार दिवसांनी रिपोर्ट आला, साधी पाण्याची गाठ. तू फोनवर आधी रडलीस आणि मग म्हणालीस, ‘चल, उद्या पाटोडी करते, भाऊजींची रश्शाशिवाय.’ मी त्या रात्री किती शांत झोपले, ते तुला कसं सांगू. तुझी काळजी मिटली म्हणून तर होतंच, पण कोणाच्या तरी कामी येण्याइतकी मी अजून आहे, याचंही होतं.

या चार वर्षांत एकच गोष्ट तू माझ्यापासून महिनाभर लपवलीस. फोनवर तुझा आवाज निराळा येत होता, मोगऱ्याची फुलं मोजायची राहत होती. शेवटी परवा बुधवारी तू स्वतःच बाकावर येऊन बसलीस. मुलाची बदली पुण्याला झाली, नातू लहान, तुम्ही दोघंही जाणार, घर भाड्यानं देणार. सांगताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मी तुझ्यावर चिडले ते जाण्यावरून नाही गं. महिनाभर एकटी ते घेऊन हिंडलीस, त्यावरून. बाकी सगळं सांगत आलीस, मग हे का नाही?

जा. नातवाजवळ राहा. मोगऱ्याची कुंडी माझ्याकडे देऊन जा, खार मात्र तिची ती ठरवेल. ह्यांनी तुझ्यासाठी काटोलला सांगून ठेवलं आहे, पुण्याच्या पत्त्यावर पेटी येईल.

आणि पहिल्याच सोमवारी साडेअकराला फोन कर. मी बाकावर असेन, चार्जरच्या बाजूला, कोपऱ्यात. तिथल्या भाजीवाल्याकडे सांभार मागितल्यावर तो काय देतो, ते मला सगळं नीट, पहिल्यापासून सांग.

तुझीच,
साडेअकरावाली