जत्रेतलं नाटक ऐकू येऊ द्या

संपादक महोदय,

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवाची पालखी फिरून आली की देवळासमोर दशावतार, म्हणजे पौराणिक आख्यानावरचं आपलं लोकनाटक, उभा राहतो. गर्दी चांगली असते, रोषणाई असते. मात्र संवाद कळत नाहीत, ही तक्रार हल्ली बहुतेक जत्रांत ऐकू येते. यात नटांचा दोष नाही. दोष ध्वनिव्यवस्थेत आहे आणि देवस्थान समितीने मनावर घेतलं तर तो एका संध्याकाळी दूर होतो.

दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि राजा-राक्षसाची जुगलबंदी नट उभ्या उभ्या रचतात. एक वाक्य हुकलं तर पुढचं उत्तर का रंगलं तेच कळत नाही. म्हणून मिक्सरवरचा इको, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, नाटकापुरता पूर्ण बंद करायला हवा. आदल्या भजनासाठी लावलेला इको तसाच राहतो आणि भराभर येणारे शब्द एकमेकांत मिसळतात. त्याच वेळी खालचा बास कमी केला तरी बोलणं बरंच मोकळं होतं.

रंगमंचावर टांगलेले माइक दोन किंवा तीन पुरेत. उघडे माइक दुप्पट केले की स्पीकरची शिटी न वाजता मिळणारा आवाज साधारण 3 डेसिबलने घटतो, म्हणजे माइक वाढवून ऐकू येणं वाढत नाही. ते नटाच्या किरीटाला लागणार नाहीत, पण शक्य तितके खाली असावेत. स्पीकर मात्र माइकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला, 8 ते 10 फूट उंचीवर आणि तोंड किंचित खाली करून लावावेत. रंगमंचाच्या मागे कर्णे बांधले की त्यांचा आवाज परत माइकमध्ये शिरतो. मग शिटी टाळायला ऑपरेटर आवाज उतरवतो आणि मागची माणसं ओरडू लागतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. मागच्यांसाठी पुढच्या स्पीकरचा आवाज फाटेपर्यंत वाढवण्यापेक्षा साधारण 20 मीटरवर दोन लहान स्पीकर द्यावेत. मात्र पुढचा आवाज तिथे पोहोचायला सुमारे 60 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे शब्द दोनदा ऐकू येतो. डिजिटल मिक्सर असेल तर मागच्या स्पीकरना तेवढा डिले, म्हणजे उशीर, द्यावा. नसेल तर त्यांचा आवाज अगदी बेताचा ठेवावा. मृदंग आणि झांजेला बहुतेक अंगणांत वेगळा माइक लागतच नाही. पेटीला एक जवळचा माइक दिला की पदं छान पोहोचतात.

खाजेवाल्यांचे आणि खेळणीवाल्यांचे रेकॉर्ड केलेले भोंगे नाटक उभं राहताच बंद व्हावेत, ही अट जागा देतानाच घालावी. जनरेटर देवळाच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. दिवे आणि ध्वनी एकाच फेजवर असले की स्पीकरमधून घरघर येते. फेज वेगळी ठेवून अर्थिंग तपासून घ्यावं. उत्तररात्री दव पडतं: मिक्सरवर छप्पर हवं, केबलचे जोड जमिनीपासून वर बांधलेले हवेत. दवाने मृदंगाची चामड्याची पुडीही उतरते, म्हणून वादकांच्या डोक्यावर ताडपत्री असावी.

वेळेचा प्रश्न अवघड आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वर्षातले फार तर 15 दिवस राज्याला 12 वाजेपर्यंत सवलत देता येते. प्रत्येक गावची जत्रा वेगळ्या तिथीला असते, तेव्हा या 15 दिवसांत सगळ्या बसणं शक्यच नाही. लोकप्रतिनिधींनी हा विषय धसास लावायलाच हवा. तोवर समितीच्या हातात एवढं आहे की सत्कार आणि भाषणं पालखीच्या आधी, दुपारी उरकावीत. आज ती नाटकाच्या तोंडावर होतात आणि उशीर भरून काढायला आड दशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, कापला जातो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासूर घाईत आटोपले जातात. पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना जे सर्वात आवडतं तेच जातं, हे आम्हाला फार लागतं.

ट्रिकसीनच्या, म्हणजे चमत्काराच्या दृश्यांच्या, धुरावर आणि दिव्यांवर खर्च करायला समित्या तयार असतात. त्यातला थोडा भाग चांगला ऑपरेटर आणण्यावर आणि संध्याकाळी, अंगण रिकामं असताना, चारही कोपऱ्यांत उभं राहून तासभर आवाज तपासण्यावर खर्च व्हावा. गर्दी बसल्यावर आवाज थोडा दबतो, तेवढी वाढ हातात ठेवावी.

– दशावतारप्रेमी वाचक, कुडाळ