नोंदी संपल्यावर मोडीचं काय?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

२०२३च्या दिवाळीच्या सुमारास माझा फोन अचानक खणखणू लागला. कधी तहसीलमधून, कधी शेजारच्या तालुक्यातून, कधी कुणाच्या मेहुण्याच्या ओळखीतून. "मॅडम, तुम्हाला मोडी येते ना?" त्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. मराठा समाजातल्या लोकांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला अभिलेख कक्षांतली गाठोडी खाली उतरली होती. कागद मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या वळणदार लिपीत, आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मग कुठे जाहिराती निघाल्या, कुठे निवृत्त माणसांची शोधाशोध झाली, तर कुठे "पोरांना चार दिवसांत शिकवून द्या" अशी मागणी आली.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक पालक मला विचारतो, "याला पुढे स्कोप काय?" त्या दिवाळीत स्कोप होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तेव्हापासून आमच्यातले पुष्कळजण हाच दाखला देत फिरतात, की बघा, आमचा विषयही उपयोगी पडतो. मीही प्राचार्यांपुढे दिला आहे. पण विषय एवढ्यावरच उभा करायचा तर नोंदी संपल्या की विषयही संपला. म्हणून या पत्रात मला तो दाखला पुढे करायचा नाही.

आधी चार दिवसांचं सांगते. चार दिवसांत अक्षरं येतात, मोडी येत नाही. पानभर आडव्या रेघा आधी ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं त्यांना टांगत जायचं, अशी ही लिपी. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, आणि 'र' तर शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो. हेही महिना-दोन महिन्यांत हाताखालून जातं. मग पानावर 'सलास सबैन मया व अलफ' येतं आणि वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा अडकतो. ते साल आहे. अरबी आकडे, एककापासून उलटे: तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११७३, जुन्या मराठी कागदांवरची कालगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२. थोरले माधवराव गेले ते वर्ष. आणि हे साल जानेवारीत नाही, मृग लागला की सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. एवढ्या एका ओळीसाठी अरबी, पाऊसपाणी आणि पेशवाई, तिन्ही लागतात. घाईत शिकवलेल्या माणसाकडून नोंद वाचून घेतली आणि ती चुकली, तर कुणाचं काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

आता खरं सांगायचं ते. गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी घरच्या जुन्या वाटणीपत्राची झेरॉक्स घेऊन आला. चुलतभावाशी बांधाचा वाद. त्याला चतुःसीमेपुरतं हवं होतं, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. ते वाचून दिलं. मला सवय आहे म्हणून पुढेही वाचत गेले. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरचा आंबा दोघांनी निमे-निमे खावा, आणि शेवटाकडे एक ओळ: मातोश्रीस सालीना लुगडे एक, चोळी दोन द्यावी; तिने आपले मर्जीस येईल त्या घरी राहावे.

"परत वाचा," तो म्हणाला.

वाचलं. मग त्याने विचारलं, तिचं नाव काय? नाव कागदात नव्हतंच, नुसतं 'मातोश्री'. तो बोटांवर पिढ्या मोजत बसला. ती त्याच्या पणजोबांची आई निघाली. त्यानंतर बांधाचा वाद मिटला असं मी म्हणणार नाही, तो अजून कोर्टात आहे. पण जाताना त्याने ती ओळ माझ्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून नेली.

साहेब, हे कोणत्या रकान्यात भरू? आमच्या फॉर्मवर 'प्लेसमेंट' आहे, 'कौशल्य' आहे. दीडशे वर्षांपूर्वीची एक म्हातारी कुठल्या घरी जेवेल, तिचं तिने ठरवावं, हे तिच्या पोरांनी लेखी केलं होतं. ते ऐकून बांधासाठी भांडणारा एक माणूस दोन मिनिटं गप्प झाला. मी जे शिकवते ते यासाठी.

वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले आणि इतिहासाच्या साधनांचे २२ खंड ठेवून गेले. पहिला १८९८चा. इंग्रज सरकारने पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांकडून १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून घेतले. परक्या सरकारने! आणि आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले, पण मोडी शिकवणारीला अजून तासावर पैसे मिळतात, तेही सुट्टी सोडून.

आता संगणकच मोडी वाचील असं ऐकते. वाचू दे की, कागदांची गाठोडी, रुमालच्या रुमाल, बांधलेली पडून आहेत. त्याने वाचलेलं बरोबर की चूक हे सांगायला माणूस लागेलच, आणि "परत वाचा" म्हणायलाही.

पुराभिलेख खातं तुमच्याकडे नाही, सांस्कृतिक कार्याकडे आहे, हे ठाऊक आहे. पण कागद वाचणारी पोरं तुमच्या कॉलेजांतून यायची आहेत. तेव्हा इतिहासाच्या आणि मराठीच्या रिकाम्या जागा भरा. २०२०चं शैक्षणिक धोरण म्हणतं, कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको. मग अभियांत्रिकीच्या मुलालाही मोडीचे श्रेयांक घेऊ द्या. माझ्या वर्गात असा एक आहे, फुकट येतो आणि त्याचं वळण माझ्यापेक्षा सुंदर आहे.

आमचा वर्ग रविवारी सकाळी नऊला भरतो, जिन्याखालच्या खोलीत. सध्या सातजण आहेत, त्यात एक किराणा दुकानदार. ही खोली पुढच्या महिन्यापासून परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला लागणार, असं आम्हाला कळवलं आहे. बाकी सगळं सवडीने करा, पण तेवढं खोलीचं बघा.

बहुत काय लिहिणे.

आपली,
तालुक्याच्या गावची एक मोडी शिक्षिका