कंगव्याचा प्रयोग थंडीत घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातवीच्या विज्ञानात स्थितिक विद्युत हा धडा आहे आणि आमच्याकडच्या शाळांमध्ये तो नेमका ऐन पावसाळ्यात उरकला जातो. आता ऑगस्टच्या दमट हवेत प्लॅस्टिकवर, कागदावर, पोरांच्या हातांवर डोळ्याला न दिसणारा ओलीचा थर असतो, चार्ज जमायच्या आधीच त्यावरून निसटून जातो, मग कंगवा कितीही घासा, कपटे ढिम्म हलत नाहीत आणि वर्गात सांगितलं जातं की उचलले असं समजा अन् निरीक्षण लिहून घ्या. मार्क मिळतात, धडा संपतो.

हेच डिसेंबरात मराठवाडा-विदर्भात करून बघा ना. पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या माकडटोपीने घासायचा आणि कपट्यांवर धरायचा. टेकायच्या आधीच, दोन बोटं अंतरावरून कपटा उभा राहतो, विद्युत क्षेत्र म्हणतात ते हेच. कपट्यावर मुळात जास्तीचा चार्ज नसतो, पण पाइप ऋण असल्याने कपट्यातले इलेक्ट्रॉन जरासे लांब सरकतात, जवळची बाजू धन होते, ओढ बसते. खरी गंमत पुढे आहे, काही कपटे पाइपला चिकटतात, क्षणभर थांबतात आणि टुणकन उडून लांब पडतात, कारण पाइपवरचा थोडा चार्ज त्यांच्यावर गेलेला असतो आणि सजातीय झाले की ढकलाढकली. आणि घासून चार्ज तयार होतो असं बरीच मुलं पेपरात लिहितात, ते चूक आहे, लोकरीतले इलेक्ट्रॉन पाइपवर जातात, लोकर तेवढीच धन होते, बाकी काही नाही.

थंडीत दाराच्या कडीला हात लावताना चटका बसतो तेव्हा अंगावर साधारण 3 हजार व्होल्ट तरी असतात. हे ऐकल्यावर घरातले 230 व्होल्ट जीव घेतात मग हे का नाही, असं पोरंच विचारतात. अंगावरचा चार्ज एका कुलोंबच्या (हे चार्ज मोजायचं एकक) दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरतो, एका ठिणगीत संपतो, प्लगमधून मात्र करंट येतच राहतो. (पेट्रोलच्या वाफेला मात्र तेवढी ठिणगीही पुरते, पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.)

घटक चाचणीच्या पोर्शनमुळे अडत असेल तर लेखी भाग घ्या खुशाल पावसाळ्यात, प्रयोग तेवढा थंडीला ठेवा, त्यासाठी परिपत्रकाची वाट कशाला बघायची. मुंबई-कोकणात थंडीतही हवा दमटच, तिथे पाइप, लोकर, कागद तिन्ही कडक उन्हात ठेवायचे किंवा हेअर ड्रायरची गरम हवा मारायची आणि लगेच प्रयोग करायचा, गार होऊ दिलं की ओल परत बसते.

– एक पालक, लातूर